कठडा ढकलू नका, ओढून पाहा

मुंबई-पुण्यात नवे घर पाहायला गेलेले कुटुंब स्वयंपाकघर पाहते, नळाला पाणी किती वेळ असते ते विचारते, पार्किंगची चौकशी करते आणि शेवटी गॅलरीत येऊन थांबते. समोर काय दिसते, वारा कसा येतो, दुपारचे ऊन कुठवर येते याची चर्चा सुरू होते. एव्हाना कुणीतरी कठड्यावर कोपरे टेकवून रेललेले असते. घर दाखवणारा माणूस काचेच्या कठड्याचे कौतुक करत असतो. ज्या वस्तूवर आपण आत्ता अंगाचा भार टाकला आहे, ती खालच्या स्लॅबला कशाने धरलेली आहे, हा प्रश्न मात्र त्या अर्ध्या तासात कुणाच्या मनात येत नाही. पुढे घर घेतल्यावर कठडा बदलायचा ठरला तरी फॅब्रिकेटरशी बोलणे होते ते नक्षीचे आणि रनिंग फुटाच्या दराचे.

कठडा हात टेकवण्यासाठी आहे असे वाटते. त्याचे खरे काम तोल गेलेले शरीर आतल्या बाजूला अडवून धरण्याचे आहे. ताठ उभ्या असलेल्या प्रौढ माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या आसपास असतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसात तो जमिनीपासून ९३-९४ सेंटिमीटरवर येतो. कठड्याची वरची कड याच्या वर असेल, तर धक्का लागलेला माणूस कठड्यावर आदळतो आणि आतच राहतो. कड याच्या खाली असेल, तर तीच कड सीसॉच्या मधल्या टेकूसारखी वागते. शरीराचा वरचा, जड भाग बाहेर आणि पाय हवेत. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत गॅलरी आणि गच्चीच्या कठड्याची उंची एक ते १.२ मीटरच्या दरम्यान धरली आहे, ब्रिटनमध्ये गॅलरीसाठी १.१ मीटर आहे, त्यामागे हे साधे गणित आहे. अमेरिकेत घरामागच्या लाकडी डेकला मात्र ३६ इंच, म्हणजे जेमतेम ९१ सेंटिमीटर उंचीचा कठडा नियमात बसतो. तोही डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तरच सक्तीचा. तिकडे मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी डेकवर नातवंडाला खेळवताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

इमारत बांधताना नियमाप्रमाणे असलेली ही उंची नंतर आपणच कमी करतो. जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी टाइल बसवली, की चार-पाच सेंटिमीटर गेले. हल्ली गॅलरीत लाकडासारख्या दिसणाऱ्या डेकच्या पट्ट्या किंवा कृत्रिम हिरवळ अंथरण्याची पद्धत आहे, त्यात आणखी दोन-तीन गेले. मूळ कठडा बरोबर एक मीटरचा असेल, तर आता तो उंच माणसाच्या गुरुत्वमध्याच्या पातळीवर आला. कठड्याखाली पाणी अडवायला काँक्रीटची पाळ असेल आणि तिच्यावर पाऊल मावत असेल, तर मोजपट्टी जमिनीवरून न लावता त्या पाळीवरून लावली पाहिजे. जिथे उभे राहता येते तिथून कठड्याची उंची मोजायची, एवढा एक नियम पाळला तरी गॅलरीतले बरेच धोके नजरेत येतात. कुंड्यांचा स्टँड, पाण्याची बादली, उलटे ठेवलेले पिंप, एसीचे बाहेरचे यंत्र, वॉशिंग मशीन, बसायला ठेवलेला बाक, या सगळ्यांवरून मोजले तर कठडा गुडघ्याएवढा उरतो.

मोठ्यांना बादली ही बादली दिसते, तीन वर्षांच्या मुलाला ती पायरी दिसते. सकाळी कामावर निघालेल्या बाबांना गॅलरीतून टाटा करायचा असतो. बाबा खाली रस्त्यावर आहेत, ते दिसत नाहीत, म्हणून मूल बादलीवर चढते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. जन्मतः ते उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते, प्रौढांत आठव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे मूल वाकले की वजन पुढे जाते आणि सावरण्याइतकी ताकद हातांत नसते. एका मजल्याएवढ्या, म्हणजे तीन मीटर उंचीवरून पडायला पाऊण सेकंद लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २८ किलोमीटर असतो. चौथ्या मजल्यावरून, साधारण बारा मीटरवरून, दीड सेकंद आणि ताशी ५५ किलोमीटर. स्वयंपाकघरातून धावत येणाऱ्या माणसाच्या हाती काहीही लागत नाही.

म्हणून मुले असलेल्या घरात आडवे पाइप किंवा तारा असलेला कठडा नको. दिसायला तो मोकळा, आधुनिक वाटतो. समोरचे दृश्य अडत नाही हेही खरे. पण तो मुलासाठी शिडी आहे. ब्रिटनच्या नियमांत पाच वर्षांखालील मुलांना सहज चढता येणार नाही असाच कठडा हवा, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे जाहिरातींच्या चित्रांत सर्रास आडवे पाइप दिसतात आणि लोक तेच मागतात. उभे गज चांगले. त्यांच्यातली फट दहा सेंटिमीटरहून कमी असावी. अमेरिकेतही चार इंची चेंडू फटीतून जाता कामा नये असाच नियम आहे. वर्षभराच्या मुलाच्या डोक्याची रुंदी साधारण बारा-तेरा सेंटिमीटर असते, पण अंग त्याहून लवचिक आणि दबणारे असते. फट थोडी मोठी असेल तर रांगते मूल पायांकडून बाहेर सरकते आणि डोके अडकते. यात पडण्याइतकाच गळफासाचा धोका आहे. घरच्या घरी पाहायचे असेल, तर प्लंबरकडून सांडपाण्याच्या चार इंची पाइपाचा तुकडा मागून घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास अकरा सेंटिमीटर असतो. तो गजांमधून आरपार गेला, तर फट नक्कीच जास्त आहे. कठड्याची खालची पट्टी आणि फरशी यांच्यामधली फटही याच मापाने पाहावी. ती नेहमी विसरली जाते.

चांगला कठडा असला म्हणजे चार वर्षांचे धीट मूल त्यावर कधीच चढणार नाही, असे नाही. कठडा वेळ मिळवून देतो. मूल चढायला धडपडत असताना कुणाचे तरी लक्ष जाईल एवढा वेळ. म्हणून गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कडी हवी. आणि कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीला कुणी संरक्षण समजू नये. ती उन्हाने काही वर्षांत कमजोर होते, बारीक आकड्यांवर अडकवलेली असते आणि मुलाचा भार पेलण्यासाठी बनवलेलीच नसते. उलट जाळी आहे म्हणून घरातले लोक निर्धास्त होतात.

आता सगळ्यात महत्त्वाच्या आणि सगळ्यात दुर्लक्षित जागेकडे, म्हणजे कठड्याच्या बुडाकडे. कठड्यावर बाजूने किती जोर येईल असे धरून तो बांधावा, याचे आकडे भारतीय मानकांत आहेत. घराच्या खासगी गॅलरीसाठी प्रत्येक मीटर लांबीला सुमारे ३५ किलो, गच्च्या आणि इतर जिने-गॅलऱ्यांसाठी ७५ किलो, आणि गर्दी जमते अशा ठिकाणी २२५ किलो. गणपतीची मिरवणूक रस्त्यावरून जाऊ लागली की घरची खासगी गॅलरी कोणत्या गटात मोडते, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. बहुतेक कुटुंबांनी ७५ चा आकडा धरून कठडा करून घेणे शहाणपणाचे आहे.

हा ७५ किलोंचा जोर एक मीटर उंचीवर लागतो आणि कठडा खाली धरलेला असतो हाताच्या पंजाएवढ्या लोखंडी तळपट्टीने. पहारीने दगड उचलताना जे होते तेच इथे उलट्या दिशेने होते. वरून बाहेर ढकलले की तळपट्टी बाहेरच्या कडेवर टेकते आणि आतल्या बाजूचे बोल्ट वर खेचले जातात. खांब मीटर-मीटरवर असतील आणि बोल्टपासून त्या कडेपर्यंतचे अंतर साडेसात सेंटिमीटर असेल, तर बोल्टवरचा ताण एक हजार किलो होतो. आतल्या बाजूला दोन बोल्ट असतील तर प्रत्येकावर पाचशे. सरळ उभ्या, चकचकीत खांबाकडे पाहून हा आकडा कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

हे पाचशे किलो कशाने पेलले जातात? बोल्ट काँक्रीटमध्ये जितका खोल गेला असेल तेवढ्याने. इथेच गफलत होते. फॅब्रिकेटर काम करायला येतो तेव्हा फरशी बसलेली असते. तो फरशीवरून भोक पाडतो आणि दहा सेंटिमीटरचा बोल्ट ठोकतो. त्यातले दीड सेंटिमीटर तळपट्टी आणि नटात, एक टाइलमध्ये, चार-साडेचार टाइलखालच्या सिमेंट-वाळूच्या थरात. खऱ्या काँक्रीटमध्ये उरले तीन. तो बोल्ट घट्ट वाटतो, पाना लावला तर आवळला जातो, पण त्याने धरलेय ते मुख्यतः फरशीखालच्या भुसभुशीत मसाल्याला. म्हणून कठडा फरशीच्या आधी, थेट स्लॅबवर किंवा स्लॅबच्या बाजूच्या चेहऱ्यावर बसवणे सगळ्यात उत्तम. फरशी झालेली असेल, तर तळपट्टीपुरती ती कापून काढावी, नाहीतर फरशी आणि मसाला यांची जाडी हिशेबात धरून लांब बोल्ट घ्यावा. विटांच्या बुटक्या भिंतीवर किंवा नुसत्या गिलाव्यावर खांब बसवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

दुसरी अडचण कडेची. जागा वाचावी म्हणून खांब स्लॅबच्या अगदी काठावर घेतात. तिथे भोक पाडून फुगणारा बोल्ट आवळला की काँक्रीटची कड तडकते, कधी लगेच दिसते, कधी पावसाळ्यानंतर. काठाजवळ रासायनिक अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून त्यात बसवलेला दांडा अधिक सुरक्षित, कारण तो काँक्रीटला फाकवत नाही. मात्र भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण साफ केली पाहिजे. धूळ राहिली तर रेझिन काँक्रीटला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि मालक समोर उभा असेल तरच होते, असा अनुभव बऱ्याच जणांना आला असेल.

पाणी हा कठड्याचा सगळ्यात चिकाटीचा शत्रू. साध्या लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. काँक्रीटमध्ये गाडलेला गज गंजला की आजूबाजूचे काँक्रीट आतून फुटते. पोकळ पाइपात पाणी शिरले तर तो आतून गंजत जातो आणि बाहेरचा रंग ताजा दिसत राहतो. पाइपाची टोके बंद हवीत आणि खाली पाणी निघायला बारीक छिद्र हवे. कोकणात, मुंबईत, गोव्यात स्टेनलेस स्टील घेतात, कारण ते गंजत नाही असा समज आहे. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो त्याला वाचवतो. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ हा थर जागोजागी भेदते. बाजारात मिळणाऱ्या प्रकारांपैकी २०२ स्वस्त, त्यात निकेल कमी असते आणि समुद्राजवळ त्यावर लवकर तपकिरी डाग पडतात. ३०४ त्याहून चांगले. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत तेच टिकते. दिसायला तिन्ही सारखीच, म्हणून बिलावर प्रकाराचा आकडा लिहून घ्यावा. पाइपाची जाडीही लिहून घ्यावी, कारण दीड मिलिमीटरचा दर सांगून एक मिलिमीटरचा पाइप बसवला तर डोळ्यांना कळत नाही. उत्तम स्टीलचा कठडा करून तो साध्या लोखंडी बोल्टने बसवला, तर दोन धातू आणि पाणी मिळून जणू एक बॅटरी तयार होते आणि तीत बळी जातो तो बोल्ट.

काचेचा कठडा मुलांना चढता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण काच कोणती? टफन केलेली एकपदरी काच मजबूत असते, मात्र फुटली की तिचा एका क्षणात चुरा होतो आणि जिथे कठडा होता तिथे मोकळी हवा उरते. काचेत क्वचित राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे अशी काच कुणी हात न लावताही फुटू शकते. कठड्यासाठी दोन टफन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी आणि वरून सलग धातूची पट्टी असावी. एक काच फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. महाग पडते, पण इथे काटकसर करायची असेल तर काच न घेता सरळ उभे गज घ्यावेत.

पडण्याची भीती वाटली की काही घरे दुसरे टोक गाठतात आणि गॅलरी पिंजऱ्यासारखी ग्रिलने बंद करून टाकतात. मूल सुरक्षित होते, पण घराला आग लागली तर अग्निशमन दलाच्या शिडीवरून बाहेर पडायची वाट बंद होते. ग्रिल हवेच असेल तर त्यात माणूस निघेल एवढी उघडणारी खिडकी ठेवावी आणि तिची किल्ली घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावी. तारांचे ‘अदृश्य ग्रिल’ लावणाऱ्यांनी तारांचा ताण दरवर्षी तपासून घ्यावा. सैल तारा बोटांनी फाकवता येतात.

गच्चीची कथा वेगळी. जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात पोरे पतंगाकडे पाहत उलट्या पावलांनी मागे सरकत जातात आणि पाठीमागे काय आहे हे त्यांना दिसत नाही. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्याच्या रात्री माणसे गच्चीवर झोपतात. वरचा मजला पुढे कधीतरी चढवायचा म्हणून कठडा बांधायचा राहून जातो, सळ्या तशाच उघड्या असतात आणि ते ‘पुढे कधीतरी’ दहा-दहा वर्षे लांबते. मध्यरात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस झोपेच्या गुंगीत कोणत्या दिशेला चालू लागेल याचा भरवसा नसतो. शिवाय उतारवयात एकदम उठून उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून घेरी येते. पक्का कठडा होईपर्यंत निदान अंथरुणे काठापासून लांब, जिन्याच्या बाजूला घालावीत. गच्चीच्या जिन्याला हाताची मूठ पूर्ण मिटेल असा, चार-पाच सेंटिमीटर जाडीचा गोल कठडा हवा. रुंद ग्रॅनाइटची पट्टी देखणी दिसते, पण घसरणाऱ्या हाताला ती पकडता येत नाही.

उंचावरून पडून होणारे मृत्यू अटळ नाहीत, हे न्यूयॉर्कने पूर्वीच दाखवून दिले आहे. तिथल्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये ब्राँक्स भागात ‘मुलांना उडता येत नाही’ या अर्थाच्या नावाची मोहीम सुरू केली. परिचारिका घरोघर गेल्या, पालकांशी बोलल्या, खिडक्यांना लावायचे गज फुकट दिले. तिथे मुले पडण्याच्या नोंदी दोन वर्षांत निम्म्यावर आल्या. १९७६ पासून दहा वर्षांपर्यंतचे मूल राहते अशा घरात खिडक्यांना गज लावून देणे घरमालकांना सक्तीचे झाले. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. त्या पाहणीत गॅलऱ्यांचे आणि गच्चीचे कठडेही पाहून द्या, असे सोसायटीने अभियंत्याला लेखी सांगायला हरकत नाही.

आणि कुणी पडलेच, तर त्याला उचलून बसवू नये. मान आणि पाठ हलवू नये, पाणी पाजू नये, १०८ ला फोन करावा. मूल रडून शांत झाले आणि खेळू लागले तरी उंचावरून पडलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. उलट्या, असाधारण झोप, नाका-कानातून पातळ स्राव, बडबड किंवा गोंधळलेपणा दिसला तर एक क्षणही थांबू नये.

घरातला कठडा तपासायला मे महिना चांगला, पावसाच्या आधीचा. कठड्याला बाहेर कधीही ढकलून पाहू नये. आत उभे राहून, पाय घट्ट रोवून, वरची पट्टी दोन्ही हातांनी धरावी आणि स्वतःकडे ओढावी. प्रत्येक खांबापाशी असे करावे. मग खाली बसून तळपट्टी पाहावी. तिच्याभोवती तपकिरी ओघळ आहेत का, फरशीला बारीक तडा गेला आहे का, हातोडीने हलकेच ठोकल्यावर आवाज भरीव येतो की पोकळ. प्रत्येक बुडाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात तडा जुना की नवा ते कळेल. एखादा खांब नखभर जरी हलला, तर तो दुरुस्त होईपर्यंत गॅलरीचे दार बंद ठेवावे आणि कपडे घरात वाळत घालावेत.